पंचेचाळीस जीएसएम

पर्यावरण वाचवायचं असेल तर प्रत्येकाने सुरुवात स्वतःपासून केली पाहिजे, हे माझं पहिल्यापासूनचं ठाम मत आहे. या मतावर मी दरवर्षी कॉलेज उघडलं की वीस मिनिटं बोलतो आणि मुलं ते उभ्याने ऐकतात. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मात्र मी सुरुवात शेजाऱ्यापासून केली. त्याला कारण होतं. स्वतःपासून सुरुवात करायला स्वतःकडे काहीतरी असावं लागतं. माझ्याकडे तळमजला होता. शेजाऱ्याकडे त्यावर आणखी दोन होते.

शेजारी म्हणजे मल्लिनाथ. जुळे सोलापुरात आमची घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. माझा प्लॉट सोळा, त्यांचा सतरा. एकाच वर्षी, एकाच बिल्डरकडून, एकाच मापाची घेतलेली. वास्तुशांतीच्या वेळी दोन्ही घरांत तसूभर फरक नव्हता. याचा फोटो माझ्याकडे आहे. अधूनमधून मी तो काढून बघतो.

त्या काळात मल्लिनाथचा प्लास्टिकच्या कॅरीबॅगांचा होलसेल धंदा होता आणि मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. म्हणजे मी पोरांच्या डोक्यात न्यूटन भरायचो आणि ते गावाच्या गटारीत पिशव्या. साहजिकच कुंपणावरून बोलताना माझी मान थोडी ताठ असायची. मग सरकारने कॅरीबॅगांवर बंदी घातली. मला आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि मी शिक्षक आहे. मी लगेच त्यांच्या सांत्वनाला गेलो. हात रिकामे नकोत म्हणून जाताना पेढे नेले. सांत्वनाला पेढे नेत नाहीत, हे उंबरा ओलांडल्यावर लक्षात आलं. मल्लिनाथने शांतपणे एक पेढा उचलला आणि म्हणाले, "बरं झालं बघा सर. त्या पिशव्यांचा मलाबी कंटाळा आला होता."

महिन्याभरात त्यांनी चादरीच्या कारखान्यांमधले कटपीस गोळा केले, विणकरांच्या घरातल्या बायकांकडून त्यांच्या पिशव्या शिवून घ्यायला लागले, आणि सतरा नंबरला स्टीलचं गेट लागलं.

पुढे बाजारात ती नॉन-वोव्हन पिशवी आली. दिसायला कापडासारखी, हाताला कापडासारखी, जातीने प्लास्टिक. मल्लिनाथने ती विकली. काही वर्षांनी सरकारला तिची जात कळली आणि तीही बंद झाली. तोवर मल्लिनाथचं गोदाम रिकामं होतं आणि पहिल्या मजल्याचा स्लॅब पडत होता. नंतर काही महिन्यांतच नियम पुन्हा सैल झाला. साठ जीएसएम किंवा त्याहून जाड पिशवी चालेल, पातळ चालणार नाही. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर मालाचं ग्रॅममधलं वजन. हे मी कॉलनीतल्या अकरा जणांना समजावून सांगितलं. मल्लिनाथने कोणालाच समजावून सांगितलं नाही. त्यांचा दुसरा मजला झाला आणि गच्चीवर पितळी कड्यांचा झोपाळा आला.

नियम बदलला की माणसं दुकान बंद करतात. हा माणूस स्लॅब टाकतो. बाकीचं सोलापूर सरकारचं धोरण पेपरात वाचतं. आमच्या गल्लीत वाळूचा ट्रक रिकामा झाला की मी ओळखतो, अधिसूचना निघाली.

एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं की हे तुम्हाला आधी कळतं कसं. मल्लिनाथ म्हणाले, त्यात काय सर, कागद निघाला की वाचायचा. एकदा स्वतः वाचायचा, मग अव्वाला वाचून दाखवायचा. तिला कळला म्हणजे आपल्याला कळला. अव्वा म्हणजे त्यांच्या आई, अक्कम्मा. वय ऐंशीच्या पुढे, गाव अक्कलकोटकडचं, दुपारभर झोपाळ्यावर बसून कानडीत देवाचं म्हणायच्या आणि मधेच मराठीत साठ जीएसएम म्हणायच्या.

याला कोणी मत्सर म्हणेल. मी निरीक्षण म्हणतो. दुपारी तीनला त्यांच्या दुसऱ्या मजल्याची सावली माझ्या सोलर हीटरवर पडते, हेही निरीक्षणच आहे. मी सूर्यावर पाणी तापवणारा माणूस. पर्यावरणाच्या नियमांवर बांधलेल्या मजल्याने माझा सूर्य अडवावा आणि मी थंड पाण्याने आंघोळ करावी, यातली विसंगती मी उत्कर्षाला अनेकदा समजावून सांगितली. उत्कर्षा माझी पत्नी. तिने गॅसवर पाणी ठेवायला सांगितलं.

उत्कर्षाचं डोकं त्या दिवसांत दुसरीकडे होतं. ती शेंगाची चटणी करते. उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. कॉलनीत तिची चटणी आठवड्यात संपते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बचत गटांना स्टॉल मिळतात, त्यासाठी ती पाच वर्षं अर्ज करत होती आणि पाचही वर्षं नाव लागत नव्हतं. यंदा लागलं. ते पत्र तिने देव्हाऱ्यात ठेवलं. ती बी.कॉम. पहिल्या वर्गात पास झालेली. लग्नानंतर तिच्या नावावर कुठे काही लागलं असेल तर ते हे पत्र. दीड महिना घरात उखळाचा आवाज होता आणि मी खोकत होतो.

पिशव्या आणण्याचं काम तिने माझ्यावर सोपवलं होतं. मल्लिनाथने कुंपणावरून सुचवलंही होतं, "आमच्याकडनं न्या की सर, घरातलंच हाय." नेमकं म्हणूनच मी बाजारात गेलो. तिथे एका माणसाने छातीवर हात ठेवून सांगितलं की शुद्ध कापडी आहे. मी चार गठ्ठे आणले आणि दिवाणात भरले. विषय संपला.

अशात येळवस, म्हणजे वेळा अमावस्या आली. येळवसेला मल्लिनाथचं सारं घर शेतावर जातं, तिथे जेवतं, आणि संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना ताट पोचवतं. त्यांच्या पत्नी सिद्धेश्वरीवहिनींनी भज्जीच्या मिसळ भाजीचा डबा आणि बाजरीचे वाफवलेले गोळे, उंडे, एका पांढऱ्या पिशवीत घालून पाठवले. उत्कर्षाने डबा उचलला. मी पिशवी उचलली.

पिशवी पातळ होती. दिव्यासमोर धरली तर पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती. तिच्यावर उत्पादकाचं नाव नव्हतं, नोंदणी क्रमांक नव्हता, जीएसएमचा आकडा नव्हता. तळाशी फक्त मार्करने 'ति. क. ४' अशी खूण होती. मी उंडा न खाता पिशवी घडी घालून शर्टाच्या आत ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच मला सतरा नंबरच्या घराचा पाया दिसला होता.

आधी काडेपेटीची परीक्षा. कापड असेल तर जळून राख होते, प्लास्टिक असेल तर वितळतं. न्हाणीघरात दार लावून मी एका कोपऱ्याला काडी लावली. कोपरा वितळला आणि त्याचा एक थेंब माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला. विज्ञानासाठी काही जणांनी याहून अधिक सोसलं आहे, म्हणून मी ओरडलो नाही. बाहेरून उत्कर्षाने विचारलं, अहो, कसला वास येतोय. मी म्हणालो, थंड पाण्याचा.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात रसायनशास्त्राच्या तराजूपाशी गेलो. पिशवीचा दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापला. तो चौरस मीटरचा शंभरावा भाग होतो, तेव्हा वजनाला शंभरने गुणलं की जीएसएम मिळतो. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने विचारलं की सर, कुठला क्षार आहे. मी त्याला तराजूची काच बंद ठेवायला सांगितलं, वाऱ्याने वाचन हलतं. तीन वेळा वजन केलं. सरासरी शून्य पूर्णांक पंचेचाळीस ग्रॅम. पंचेचाळीस जीएसएम. साठला पंधरा कमी. मी तराजू पुसून ठेवला आणि त्या तासाला बारावीला सुट्टी दिली.

तक्रार कशी करावी याबद्दल मी कोणाचाही सल्ला घेणार नव्हतो. पण आमच्या समोर मानसिंग राहतात आणि त्यांना सल्ला देण्यासाठी प्रश्नाची गरज लागत नाही. ते निवृत्त होण्याआधी कुठल्याशा खात्यात आवक-जावक बघायचे. मी माझ्या एका मित्राची गोष्ट म्हणून सांगितली. मानसिंग म्हणाले, तुमच्या मित्राला सांगा, सही करायची नाही. सही केली की साक्षीला बोलावतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहायचं. आणि अर्ज टपालाने टाकायचा नाही, हातोहात द्यायचा आणि पोच घ्यायची, नाहीतर कागदाला पाय फुटतात. जाताना त्यांनी विचारलं की तुमच्या मित्राच्या अंगठ्याला काय झालं.

डाव्या हाताने अर्ज लिहायला मला तीन दिवस लागले. मजकूर संयत ठेवला. 'प्लॉट नं. १७ येथील व्यापारी बंदी असलेल्या पिशव्या राजरोस वापरत असून शासनाच्या बदलत्या धोरणांचा गैरफायदा घेऊन मजले चढवीत आहे.' खाली निरीक्षण-तक्ता जोडला: अनुक्रमांक, वाचन, सरासरी, एकक, उपकरणाचं लघुतम माप. खुणेबद्दल लिहिलं, 'पिशवीवर एखाद्या अर्धशिक्षित इसमाच्या हस्ताक्षरात ति. क. ४ असे संशयास्पद सांकेतिक चिन्ह आढळते.' शेवटी 'एक जागरूक नागरिक'. नमुना म्हणून उरलेली पिशवी टाचणीने लावली.

महापालिकेच्या कार्यालयात पहिल्या टेबलाने विचारलं की पिशवी कापडी का प्लास्टिकची. मी म्हणालो, दिसते कापडी, आहे प्लास्टिकची. ते म्हणाले, आमच्याकडे दिसणारं प्लास्टिक येतं. दुसऱ्या टेबलाने पिशवी हातात घेऊन ओढून पाहिली आणि म्हटलं की नियम बदललाय, पण कुठला बदल शेवटचा आहे ते शिंदेबाई सांगतील, त्या रजेवर आहेत. तिसऱ्या टेबलाने अर्ज घेतला. पोच मागितली तर त्या टेबलावरच्या माणसाने पेन उचलून विचारलं, "नाव नसू दे. पत्ता? उत्तर कुठं धाडायचं?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. मागे रांग होती. तीन दिवस डाव्या हाताने गिरवून गिरवून एकच पत्ता माझ्या डोक्यात बसला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "प्लॉट नंबर सतरा." त्याने तो लिहिला आणि शिक्का मारला. पोच माझ्या हातात आली. मनावर दगड ठेवून मी ती खिशात घातली आणि सरकारी उत्तरं काही येत नसतात, असं स्वतःला सांगत घरी आलो.

यात्रा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी सतरा नंबरसमोर गाडी थांबली. मी गच्चीवर कुंडीला पाणी घालत होतो. तीन वाजेपर्यंत मी त्या कुंडीला सहा वेळा पाणी घातलं. निरीक्षक तरुण होता, चेहरा ओळखीचा वाटला. नाव कानावर पडलं तेव्हा आठवलं, अमरेश. माझाच विद्यार्थी. बारावीच्या प्रॅक्टिकलला मी त्याचा अर्धा मार्क कापला होता, एकक लिहिलं नाही म्हणून.

अमरेशने गोदाम बघितलं, बिलं बघितली, पिशव्या सोबत आणलेल्या जीएसएम मोजायच्या मशिनवर ठेवल्या. मल्लिनाथ शांतपणे एकेक गठ्ठा सोडून दाखवत होते. सगळं साठच्या वर निघालं. मग त्याने अर्जाला लावलेला नमुना काढला आणि ही पिशवी तुमचीच का म्हणून विचारलं. मल्लिनाथने ती हातात घेतली, तळाशी बघितलं आणि गप्प राहिले. मला वाटलं, सापडला. कुंडीतून पाणी माझ्या चपलेत आलं होतं.

तेवढ्यात अक्कम्मांनी हात पुढे केला. गच्चीवरचा झोपाळा दुरुस्तीला गेल्यामुळे त्या खाली ओट्यावर बसल्या होत्या. चष्मा लावला आणि पिशवी नाकाला लावली.

"ही आमची कुटली? उत्कर्षाची हाय की ही."

"अव्वा, सुम्नीरू," मल्लिनाथ हळूच म्हणाले. म्हणजे गप्प बस.

"का गप बसू? वास बघ की, शेंगाचा. अन् हे बघ, ति. क. तिखट कमी. माझ्यासाठी येगळी काढती ती, माझ्या दातापायी. चौथी खेप हाय ही. सिद्धेश्वरीनं उंडे घालून माघारी पाठवली असंल. रिकामी कशी पाठवायची पिशवी?"

गच्चीवरून खाली यायला चौदा पायऱ्या आहेत. त्या मला त्या दिवशी पुरल्या नाहीत.

अमरेश आमच्या दारात आला तेव्हा मागे मल्लिनाथ होते, समोरून मानसिंग येत होते. उत्कर्षा हात पुसत बाहेर आली. स्टॉलचं सामान दारातच रचलेलं होतं: बरण्या, गल्ला, तिच्या नावाचा फलक. अमरेशने अतिशय आदराने मला नमस्कार केला आणि दिवाणाची फळी उचलायला सांगितली. चार गठ्ठे निघाले. मशिनवर ठेवले. अमरेशने आकडा वाचला, अर्जावरचा तक्ता बघितला आणि त्याच्या चेहऱ्यावर मला खरोखरचा आनंद दिसला.

"वाचन अगदी बरोबर आहे, सर," तो म्हणाला. "पंचेचाळीस. एककासकट."

मग पंचनाम्यासाठी त्याला अर्ज मोठ्याने वाचावा लागला. मजल्यांबद्दलचं अर्धं वाक्य त्याने गाळलं. ते गाळल्याचं सगळ्यांना कळलं. खुणेबद्दलचं गाळता आलं नाही, कारण तोच पुरावा होता. लघुतम माप हा शब्द आला तेव्हा मानसिंगनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. उत्कर्षाने फक्त एक शब्द म्हटला.

"अर्धशिक्षित," ती म्हणाली आणि आत गेली.

पंचवीस वर्षं तिच्या हातच्या याद्या घेऊन मी बाजारात जातो. अक्षर कसं आहे हे बघायची वेळ कधी आली नव्हती.

दंडाची पावती फाटली, गठ्ठे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्टॉल उघडायचा होता आणि चटणी द्यायला एकही पिशवी घरात नव्हती. वर्तमानपत्राच्या पुड्या बांधू, असं मी सुचवलं. तेलाची चटणी, पुडी यात्रेच्या फाटकापर्यंतही टिकली नसती. उत्कर्षाने ऐकलं नाही. ती देव्हाऱ्यातलं ते पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मग ती उठली, पत्र परत ठेवलं, पदर खोचला आणि सतरा नंबरकडे गेली. मला विचारलं नाही. मी कुंपणापाशी उभा राहिलो. सिद्धेश्वरीवहिनींनी गोदामाचं शटर वर केलं. आतून चादरीच्या कटपिसांच्या पिशव्या निघाल्या, लाल, निळ्या, मोराच्या, जाड, बंदीच्या अगदी पहिल्या वर्षीचा माल, स्टीलच्या गेटच्या काळातला. मल्लिनाथ उत्कर्षाला म्हणाले की वहिनी, पडूनच होत्या, नियम बदलला की उपयोगी येतील म्हणून ठेवल्या होत्या. या माणसाने नियम बदलण्याच्या आधीच पिशव्या राखून ठेवल्या होत्या आणि त्या माझ्याच घरात उपयोगी पडत होत्या. आभार मानायला तोंड उघडलं, तेव्हा मी विचारलं की याचा जीएसएम किती.

"तीनशेच्या वर असंल की सर," मल्लिनाथ म्हणाले. "तुमी मोजून बघा."

गड्ड्यावर तीन दिवसांत चटणी संपली. बायका आधी पिशवी बघायच्या, मग चटणी मागायच्या. एकीने तर चटणी नको, नुसती पिशवी द्या म्हटलं. उत्कर्षाने चटणीशिवाय पिशवी देत नाही असं सांगितलं, तेव्हा तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकला. दुसऱ्या दिवशी अक्कम्मा स्टॉलवर येऊन बसल्या आणि गिऱ्हाइकांना तिखट कमी कुठलं ते दाखवायला लागल्या. माझ्याकडे पिशव्या उघडून धरायचं काम होतं. प्रत्येक पिशवीला आतून छोटी पट्टी शिवलेली होती. तिच्यावर मल्लिनाथचं नाव होतं. हजार वेळा मी ते वाचलं.

आता उत्कर्षा आणि सिद्धेश्वरीवहिनी मिळून धंदा वाढवणार आहेत. गोदामाच्या अर्ध्या भागात उखळं बसतील. बाकीच्या अर्ध्याबद्दल विचारलं तर उत्कर्षा म्हणाली की तिथे लिहायला टेबल असेल, खुणा नीट लिहिता याव्यात म्हणून. ती माझ्याशी बोलते. बरण्यांवरची अक्षरं मात्र हल्ली ती छापून आणते.

काल संध्याकाळी मल्लिनाथ आले. हातात मोराची पिशवी, वर सिद्धेश्वरीवहिनींनी घातलेल्या होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, अजून गरम. होळग्यांखाली एक सरकारी पाकीट होतं.

"सर, हे आमच्याकडं आलंय. तुमचं असंल."

मी पाकीट उलटून पाहिलं. 'प्रति, एक जागरूक नागरिक, प्लॉट नं. १७.' आतल्या कागदावर दोन ओळी होत्या. सदर पिशवी पंचेचाळीस जीएसएमची असल्याचे निष्पन्न झाले असून संबंधितावर कारवाई करण्यात आली आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

पाकीट फोडलेलं होतं. पत्ता त्यांचाच होता.